बरगे

टेम्पोवाला साडेतीन हजार म्हणाला.
आप्पा म्हणाले, "पाण्यातनं न्यायला
पाणी काय भाडं मागतंय?"
म्हणून फौंड्रीत चार दिवसांची रजा टाकून
मी निघालो, चिखलीच्या संगमावरून कुरुंदवाडाकडं,
विकलेली नाव पोचवायला.

पूल झाल्यापासून उतारू म्हणून
नुसत्या शेळ्या यायच्या.
त्याही शेवटी पुलावरून जायला शिकल्या.

पौषातली नदी. बरगे घातलेले.
फळीला फळी लावून, मधे माती चोपून
सहा ठिकाणी अडवलेली.
म्हणजे नदी नव्हेच, सहा पायऱ्यांचा जिना,
आणि दर पायरीला
ज्या नावेनं आम्हाला वाहायचं
ती आमच्याच खांद्यावर.

बुडाला तीन ठिकाणी झिरपतं.
मी डबड्यानं उपसत होतो,
आप्पा सवयीनं ओरडले, "पाय वर घ्या मंडळी!"
मंडळी म्हणजे मी एकटा
आणि भाकरीचं गठुळं.

राजाराम बंधाऱ्यावर तालमीतली पोरं पोहायला आलेली.
आठ जणांनी नाव उचलून पलीकडं ठेवली
आणि एकानं वर मांडी थोपटली,
जणू नावेलाच चीत केलंय.

रुईला चौकीदार म्हणाला,
"बरगा काढता येत नाही, वरून ऑर्डर लागते."
"वरून म्हणजे?" आप्पांनी नदीच्या वरच्या अंगाला बघितलं.
"तिकडनंच तर आलोय."
चौकीदार हसला नाही,
पण शर्ट काढून दोराला हात लावला.

इचलकरंजीच्या अंगाला केंदाळ.
हिरवं, जाड, वर बगळा चालत निघालेला.
खालचं पाणी कधी जांभळं, कधी काहीच नाही.
वल्हं चालेना, म्हणून काठी.
काठी बुडवून आप्पा बोलत राहिले,
हितं दोन पुरुष. हितं तीन.
हितं गंगू मोरबाळेची म्हस गेली.
हितं थांगच न्हाई, गप बस.

रात्री मळीचा वास, आणि लांब
फडकऱ्यांच्या चुली.
आप्पांनी एकोणीसच्या पुराचं काढलं.
ही नाव तेव्हा तुटल्या दोरानं कुठं गेली होती देवाला ठाऊक.
गुऱ्हाळाची काहिल ओढून आणली,
तिच्यातनं हेडमास्तर, त्यांची पेटी,
आणि वर पेटीवर बसलेलं मांजर.
"काहिल गोल. वळत न्हाई, नुसती फिरती.
मास्तर सारखं म्हणायचे, दिशा, दिशा."
मग आप्पा बराच वेळ हसले
आणि झोपले.

तेरवाडला उचलायला माणूस मिळेना.
बीडचा एक गाडीवान, ज्ञानोबा घोळवे,
ऊस टाकून रिकामा परत चाललेला, थांबला.
नाव बैलगाडीवर चढली. वाढ्याचं अंथरूण.
"उतरा बाबा," तो म्हणाला, "बैलांना जड होतंय."
आप्पा उतरले नाहीत.
रस्त्यावरून, धुळीतून, दोन्ही बाजूंना ऊस,
नाव गाडीत, आप्पा नावेत,
वल्हं मांडीवर आडवं धरून
समोर बघत बसलेले.
शाळेतून येणारी पोरं बाजूला झाली.
भाडं विचारलं तर ज्ञानोबा म्हणाला,
आजवर पाणी कधी वाहिलं नव्हतं, जाऊ द्या.

कुरुंदवाडच्या घाटावर इस्माईल नदाफ उभा होता.
त्याला नाव पांढरी रंगवायचीय,
लग्नाआधीचे फोटो काढायला,
वर जाळीचं छत, झेंडूच्या माळा.
मला वाटलं आप्पा चिडतील.
ते वाकून त्याला बुड दाखवत होते,
"हितं, हितं, आन् ह्या खिळ्यापाशी.
डांबर वैशाखात. नवरीला सांग, पाय वर घे."
डबडंही देऊन टाकलं.

परत येताना एस.टी.त खिडकी आप्पांना.
शिरोलीच्या पुलावर गाडी चढली,
खाली बरग्यांमागं तुंबलेलं, काळं, स्थिर पाणी.
आप्पांनी चपला काढल्या
आणि दोन्ही पाय सीटवर घेतले.
"म्हातारबा, पाय खाली," कंडक्टर म्हणाला.
पूल संपेपर्यंत
त्यांना ऐकू आलं नाही.