पोटाखालचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
बोटीचं पोटाखाली;
न विचारता आलेलं, भाडं न देणारं.

प्रिन्स एडवर्ड बेटावर, मरे नदीच्या मुखाशी
‘थिस्सल’ दोन उन्हाळे बांधून आहे.
लॉइड गेल्यापासून मॉर्नानं
तिचा दोर सोडलेला नाही.

खात्याचा पोरगा आला.
पाण्याखाली कॅमेरा सोडून म्हणाला,
“बाई, चालत्या बोटीला हे कमी चिकटतं.
थांबली की मात्र…”
आणि ओशाळून बुटांकडे बघत राहिला.

आशियातल्या कुठल्याशा बंदरातून
जहाजांच्या तळाला धरून आलेला हा जीव.
अंगठ्याएवढा, सुरकुतलेला, देठावर उभा.
दाबला तर चिळकांडी.
जन्मतो तेव्हा पोहतो. शेपटी असते,
पाठीत कण्याची चाहूल असते,
म्हणजे शिंपल्यापेक्षा आपल्याच जवळचा. भाऊबंद.
जागा मिळाली की डोकं टेकतो
आणि शेपटी, चाहूल, होता नव्हता तेवढा मेंदू
स्वतःच पचवून टाकतो.
मग नुसतं पाणी आत, पाणी बाहेर.

मॉर्नाला याचं नवल वाटलं नाही.

खाडीभर दोरांना जाळीचे लांब मोजे लोंबतात,
त्यांत निळे शिंपले वाढतात.
त्यांवर हे बसले की दोर बुडतो, शिंपले उपाशी.
गॅलंट भावांनी यंदा अख्खा सप्टेंबर
फवारे मारण्यात घालवला.
दुकानात भेटले, हवापाण्याचं बोलले,
‘थिस्सल’चं नाव काढलं नाही.
ते तिला पुरलं.

क्रेननं बोट उचलली. खाली ताडपत्री,
एक देठसुद्धा परत पाण्यात जाता कामा नये.
लॉइडचीच खरवडणी. त्याच्या मुठीनं झिजलेली,
तिच्या हाताला वाकडी लागणारी.
पहिली बादली, दुसरी, अकरावी.
चिळकांडी डोळ्यांत गेली, तिनं बाहीनं पुसली,
पुन्हा गेली. मग पुसणं सोडलं.
संध्याकाळी शेवाळाखालून लाल रंग निघाला,
त्यात अडकलेला ब्रशचा एक केस.

पाण्यात सोडली तेव्हा बोट
चार बोटं वर तरंगली,
त्यानं आखलेली पांढरी रेघ कोरडी.
“कुठं नेणार?” पोरानं विचारलं.
“समोरच्या बेटापर्यंत. आणि परत.”

इंजिन तिसऱ्या खेपेला लागलं.
ज्या लाकडी ठोकळ्यांवर बोट टेकली होती
तेवढी तळाची जागा खरवडायची राहिलीये,
हे तिला अर्ध्या खाडीत आठवलं.