दुसरी सीडी

आचऱ्याच्या जेटीवर सोसायटीचं ऑफिस, एका खोलीचं.
डिझेलचा कोटा, बर्फाच्या पावत्या,
आणि मीठ खाऊन आवाज बदललेला संगणक.
जुनी सिस्टिम दिवाळीत गेली.
व्हायरस, म्हणाले कणकवलीवाले, आणि तेवढं सांगायचे चारशे घेतले.

भाऊ वास्कोला गोदीत असतो. त्याने चार सीड्या पाठवल्या,
वर मार्करने आकडे, सोबत चिठ्ठी:
युनिक्स आहे. फुकट आहे. घाबरू नको.
घाबरू नको हे दोनदा लिहिलं होतं,
म्हणून मी घाबरले.

पहिली घातली. आत काहीतरी घुमलं,
रहाट हातातून सुटावा तसं,
आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
तारल्यांचा थवा, वाचू म्हणेपर्यंत वर निघून गेलेला.
त्याला स्वतःचं अंग एकेक करून सापडत होतं:
ही मेमरी, हा कीबोर्ड, ही डिस्क,
हे काय ते ठाऊक नाही. पुढे.

मग विचारलं: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. नक्की?

सगळं म्हणजे अकरा वर्षांच्या पावत्या.
त्या मी छापून गोणपाटात बांधल्या होत्या,
तरी हात टेबलाखाली गेला.
चेअरमन हरेश्वर पराडकर मागे उभे, पान चघळत.
"गो, होय म्हण. होडी लोटताना दर्याक इचारतस काय?"
मी वाय दाबलं.

जागा वाटून द्यायची होती.
रूटला किती, स्वॅपला किती, बाकीच्यांना किती.
रापणीचे वाटे घालतात तसे घातले,
आधी जाळ्याचा, मग होडीचा, मग माणसांचे.
कुणी भांडलं नाही. यंत्राचं तेवढं बरं.

वेळ कुठली? आशिया. भारत. कलकत्ता.
आचरा यादीत नव्हतं, मालवणही नाही.
आम्ही कलकत्त्याचे झालो.

दुसरी सीडी घाला आणि एंटर दाबा.

पाकिटात एक, तीन, चार.
ड्रॉवर उपसला, कपाटामागे झाडू घातला.
भाचा आधी म्हणाला, माका म्हायत नाय,
मग अंगठ्याने वाळू उकरत,
"आनंदीकाकीक दिलंय. कावळ्यांका."

वाळवणावर, बांगड्यांच्या रांगांवर,
सुंभाला टांगलेली ती. वारा आला की
ऊन उचलून कावळ्याच्या डोळ्यांत फेकायची.
आनंदीकाकी खवणेकर काठी आडवी घेऊन बसलेली.
"व्हर. पण परत हाडून दी.
ही इल्यापासून एक बांगडो गेलो नाय."

साबणाने धुतली. चष्म्याच्या फडक्याने पुसली,
मधून कडेकडे, गोल नाही, सरळ,
भाऊ फोनवरून ओरडत होता तशी.
वास गेला नाही.

यंत्राने ती घेतली. थांबलं.
एक फाईल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू?
हो.
पुन्हा?
हो.
लाइट गेली, बॅटरी कण्हत राहिली,
बाहेर कुणीतरी ट्रॉलरचं इंजिन उगाच तापवत होतं.
पुन्हा?
शेवटी सोडून दिली ती फाईल.
पत्त्यांच्या कसल्याशा खेळाची होती. नसेना.

रात्री साडेनऊला ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं
आणि म्हणालं, नाव सांगा.
चेअरमन म्हणाले, देवाचं घाल.
तांडेल म्हणाला, माझ्या होडीचं.
मी लिहिलं, बांगडो.

घड्याळाचा सेल मेलेला. तारीख दाखवत होतं
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
आनंदीकाकी दारात, सीडी न्यायला आलेली.
तिला वाचून दाखवलं.
"तेवा माझा लगीन नाय जाल्ला," ती म्हणाली,
आणि आत येऊन पडद्यासमोर थोडा वेळ उभी राहिली,
हात न लावता.

मग सीडी मागितली.

तारीख मी दुसऱ्या दिवशी बदलली,
कोट्याच्या पावत्या चुकायला नकोत म्हणून.