चौतिसावं पूज्य

वेरोनाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला
पायची एक ताटली टांगलेली असते.
(पाय म्हणजे खायचा. मीही पहिल्यांदा दचकलो होतो.)
काठाला भोक. त्यातून पाक गळतो,
ओव्हनच्या तळाशी जळतो, घरभर करपट वास,
तरी दर शनिवारी ती त्याच ताटलीत भाजते.
मी वरच्या खोलीतला भाडेकरू. एकदा विचारलं.

बापाची आहे, म्हणाली.
सन एकोणीसशे तेरा. मोनॉन्गाहेलाच्या काठी, इथंच, कार्व्हर्स फेरीत.
कोकभट्ट्यांमागचं मैदान, गवत कमी, राख जास्त.
पुलावरून काचवाले आलेले, डनलेव्हिनचे,
धुतलेल्या सदऱ्यांतले.
आदल्या हिवाळ्यात आमचा संप होता
तेव्हा त्यांनी परक्या कोळशावर भट्ट्या पेटत्या ठेवल्या.
ते कुणी बोललं नाही.
चेंडू मात्र फार जोरात येत होता.

ओंद्रेय अकरा वर्षांचा. काम एकच,
डाव झाला की शिडी चढायची, फळ्यावर आकडा टांगायचा.
पत्र्याची शून्यं वीस.
बाकीचे आकडे पेटीत तसेच, कोरे करकरीत.
इकडून कुदलाच फेकतोय, तिकडून ग्विलिम,
भोपळा कुणाचाच फुटेना.
नवव्या डावाला फळा संपला.
दहाव्याला शून्यं संपली.

ओंद्रेय आईकडे पळाला. ती कुंपणापाशी
ब्लॅकबेरीचे पाय विकत होती.
ताटली दे.
ताटलीत पाय आहे.
मग तिनं समोरच्या माणसाच्या हातात तो कोंबला,
खा. लवकर खा. पैसे नकोत, पोराला शून्य पाहिजे.
माणूस काचवाला निघाला. उभ्या उभ्या खाल्ला,
बोटं चाटली, ताटली विजारीला पुसून परत केली.
तेराव्या डावापर्यंत दोन्हीकडचे लोक
शून्यासाठी खात होते. तोंडं जांभळी.
खिळा, भोक, सुतळी, शिडी.
ताटल्यांवरून ऊन डोळ्यांत येतं म्हणून
एक भांडणही झालं, पण भरल्या पोटी.

मला मध्येच आमचे गणिताचे मास्तर आठवले.
शून्याला ते पूज्य म्हणत. एकावर पूज्य दहा.
पाटीवर काढण्याआधी हात जोडायचे असतात
असं मला कितीतरी दिवस वाटायचं.
वेरोनाला सांगितलं.
बरोबरच आहे की, म्हणाली.

सतरावा डाव. चेंडू एकच, दुपारपासूनचा,
राखेनं आणि तंबाखूच्या थुंकीनं काळा झालेला.
दुसऱ्या बेसवर आमचा माणूस.
उजेड फक्त भट्ट्यांचा, तोही लाल.
कुणीतरी मारला. आवाज सगळ्यांनी ऐकला.
चेंडू कुणी पाहिला नाही.

आमचा माणूस धावत होमला पोहोचला, ओरडाआरडा,
टोप्या उडाल्या. मग लांबून, नदीच्या अंगानं,
ओक्तावची हाळी आली, झेलला! झेलला!
दाखव!
तो चालत आला. फार सावकाश.
काच फुंकून गाल सैल झालेला माणूस,
हातमोजा छातीशी धरलेला.
अंपायर हेझेकाया स्ट्रॉन, धंदा शवपेट्यांचा,
अंधाराची त्याला सवय.
त्यानं मोज्यात हात घातला, बराच वेळ आत ठेवला,
आणि म्हणाला, दिसत नाही. घरी जा.

चेंडू होता का, वेरोना?

ती ओव्हन उघडते. धूर.
बाप शिडीवर उभा होता, म्हणते,
चौतिसावी ताटली हातात, भोक पाडलेली.
टांगू की नको, कुणी सांगेना.
खाली सगळे पुलाच्या तोंडापर्यंत बरोबरच गेले,
कारण कंदील एकच होता आणि तो काचवाल्यांचा.
स्ट्रॉन मेला तेव्हा बाप मुद्दाम गेला होता विचारायला.
उशीर झाला.

मी तुकडा घेतो.
काठाचा, भोकाजवळचा,
थोडा जळलेला.