गड्डा

थंडगार जेल लावून डॉक्टरीणबाईंनी
पोटावरनं यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघत म्हणाल्या,
सोळा आठवड्यांचा आकार आहे.

मी उठूनच बसले.
अकरा वर्षांत मला कुणी आठवडे सांगितले नव्हते.

बाळ नव्हे हो, गाठींनी पिशवी फुगलीय.
आम्ही असंच मापतो.
असंच का मापता, हे विचारायचं राहिलं.

घरी अत्तम्मा विड्या वळत होती, मांडीवर सूप.
पान कापणारी कात्री काही थांबली नाही.
कडुपुलो गड्ड, म्हणाली. पोटात गड्ड.
कारखान्यात कल्लव्वा कानडीत म्हणाली, गड्डे,
माझ्या आईलाही होती की.
आणि आमच्या गावच्या मराठीत गड्डा म्हणजे
संक्रांतीची जत्रा,
होम मैदानावर मौतका कुवा, बांगड्यांची दुकानं
आणि आभाळाला लागलेले पाळणे.

मी टॉवेल तपासते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.
पांढरेशुभ्र, बाहेरदेशच्या हॉटेलांचे.
सुटलेला धागा, तेलाचा ठिपका,
डोळ्याआधी बोटाला कळतो.
तीन वर्षं मी खाली दोन घड्या घालून बसायची
आणि उठताना आधी मागं हात फिरवायची.
महिन्यातले अकरा दिवस. कधी चौदा.
एकदा आख्खा गठ्ठा वाया गेला.
सुपरवायझर काही बोलला नाही.
पगारातनं कापला.

जिना चढताना कानात माग चालायचा,
आणि चोरून मी कच्चे तांदूळ खायची, मूठमूठ.
अत्तम्माला वाटलं, डोहाळे.
तिनं गुपचूप चिंच आणून ठेवली होती फळीवर.
रक्त तपासलं तर सहा पॉइंट दोन.
चिंचेचं नंतर कुणी नाव काढलं नाही,
आमटीत संपली.

पिशवी काढून टाक, सगळ्यांनी सांगितलं.
जाऊबाई, समोरची, पहिल्या दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा.
आमच्या बोळात काढलेल्या नऊ जणी आहेत,
दोघी तर तिशीच्या आतल्या.
बाजारची पिशवी असावी तसं बोलतात,
खुंटीवरनं काढली, झालं.
ठेवून तरी काय करणारायस?

सिव्हिलमधल्या बाई म्हणाल्या,
पिशवी ठेवून नुसत्या गाठी काढता येतील.
रक्त जाईल. पुन्हा होऊ शकतात.
आणि मूल राहीलच, असं मी लिहून देणार नाही.

मला ते फार बरं वाटलं, लिहून देणार नाही.
इतकी वर्षं ज्याला त्याला खात्री होती,
नवसाची खात्री, काढ्याची खात्री,
वांझ म्हणायचीही खात्रीच.

कागदावर अंगठ्याशेजारी सही केली,
पुष्पलता श्रीशैल बोद्दुल.
श्रीशैल जॉबर आहे. तुटलेला धागा
दोन बोटांत धरून, बघता बघता सांधतो.
मागावरचे तिघं रक्त द्यायला घेऊन आला.
त्याला ट्रेमध्ये दाखवल्या म्हणे.
रात्री कॉटपाशी बसून हळूच म्हणाला,
सात होत्या. एक तर शेंगदाण्याएवढी.
आणि मोठी?
तिच्याकडं मी बघितलं नाही बे.

जानेवारीत गड्ड्याला गेलो, टाके सांभाळत.
पाळण्यात बसायचं नव्हतं, हसायलासुद्धा दुखायचं.
खालीच उभे राहिलो, गरम भजी हातात.
वरनं पोरं किंचाळत होती.
पुढच्या वर्षी बसू की, तो म्हणाला.
बघू, म्हटलं.
भजी तिखट होती, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं,
भज्यांचंच असेल.

तांदळाचा डबा अत्तम्मा अजून उंचावर ठेवते.
लोखंडाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या हातानं देते,
विड्या मोजाव्यात तशा मोजून.

मार्चमध्ये पाळी आली. चार दिवस.
पाचव्या दिवशी पाटावरनं उठले,
सवयीनं मागं हात फिरवला.
हात कोरडा आला.
थोडा वेळ तसाच धरून बघितला,
मग पुढचा टॉवेल ओढला.