सुकाणूवरचा आठवडा

सुनवोर सोळाची. ती वल्हं ओढते तेव्हा
लाकूड कण्हतं.
तीस वर्षं मी या खाडीत पोरांना वल्हवायला शिकवतोय,
असा हात दोनदाच पाहिला.
दुसऱ्याबद्दल मग सांगतो.

मे महिना, पहाटेचे साडेपाच.
आमच्या फॅरो बेटांवर या दिवसांत रात्र नावालाच असते.
मासळीच्या कारखान्याचा भोंगा व्हायचाय अजून,
कड्यावरून मेंढ्या बघताहेत
परीक्षकांसारख्या, रवंथ करत.
सहा मुली, सहा वल्ही,
आणि होडी सारखी उजवीकडे वळते,
कारण डाव्या अंगाला सुनवोर आहे.

"जरा दमानं गं," बार्बा म्हणते.
"तुम्हीच जोर लावा ना," ही म्हणते,
आणि खरं सांगायचं तर
मनातून मला हिचंच पटतं.
काठच्या रस्त्यानं सायकल हाकत मी ओरडतो,
अजून! अजून!
ते 'अजून' कुणासाठी आहे
हे बाकीच्या पाचजणींना कळतं.
पोरींना सगळं कळतं.

आता दुसऱ्याबद्दल.
ब्रांदुर. त्यालाही असाच ताणला,
अंगात ताप असताना, बाप गेल्यावर आठव्या दिवशी.
तळव्यांची सालं निघाली तेव्हा म्हणालो, घट्टे पडतील.
पडले.
चषकही आले, दोन, माझ्याच कपाटावर आहेत.
तो हल्ली डेन्मार्कात ट्रक चालवतो,
घर घेताना म्हणे
पाणी दिसणार नाही असं बघून घेतलं.
त्याची आई दुकानात भेटली की
बटाटे निवडत राहते.

तर मंगळवारी मी सुनवोरला फळीवरून उठवलं.
"आठवडाभर तू सुकाणूवर."
तिनं जी नजर टाकली
तिनं माझ्या थर्मासमधली कॉफी गोठली असती.

वल्हवणारा पाठमोरा जातो, ही आमच्या खेळाची गंमत.
जिथं पोचायचं ते त्याला दिसत नाही,
दिसते पुढचीची पाठ, ओली लोकर, वेणी.
तोंडं एकट्या सुकाणूवाल्याला दिसतात.

दोन दिवस ती घुम्यासारखी बसली.
तिसऱ्या दिवशी वारा तोंडावर होता.
तिला दिसलं, एल्स्पा दर ओढीला डोळे मिटते.
बार्बा ओठ चावते, रोज एकाच जागी,
तिथं खूण झालीय.
आणि धाकटी मार्ना, जिला ती 'पीस' म्हणून चिडवायची,
तिच्या वल्ह्याच्या मुठीवर लाल डाग,
ते लपवायला
ती मूठ पुढे सरकवून धरत होती.

खाडीच्या मधोमध सुनवोर ओरडली.
मला वाटलं, झालं, भांडण.
"मार्ना! मी मोजते, तू नुसती ऐक. एक..."
मी सायकलचा ब्रेक दाबला.
होडी सरळ चालली होती.
वेग यथातथाच, पण सुतात.

मऊ पडलो असं समजू नका.
सोमवारी वल्हं परत दिलं,
आणि सराव संपल्यावर तिला एकटीला
दीपस्तंभाचा चढ पळवतो, दोनदा.
ती शिव्या घालते, मी घंटी वाजवतो.
देणं मिळालंय तर फेडावंच लागतं.
फक्त हल्ली ओढण्याआधी ती जराशी थबकते,
पुढच्या पाठीचा श्वास घेते कानात,
आणि मग कण्हतं
सहाही वल्ह्यांचं लाकूड.

जुलैत शर्यत झाली. तिसऱ्या आलो.
धक्क्यावर उतरून सुनवोर रडली, रागानं,
मला तो राग हवाच होता.
मग खाली बसून
तिनं मार्नाचे तळवे उघडले, फुंकर घातली,
दातांनी पट्टी फाडली.

रात्री कपाटावरचे चषक पुसायला घेतले,
अर्धवट ठेवले.
ब्रांदुरचा नंबर फिरवला.
वाजत राहिला.
उद्या पुन्हा लावीन.