वायफाय फक्त जिन्यात

बाणावलीतलं हे चौथं फाटक.
आधीच्या तिघांचं एकच:
बारापुढचं पोर पूर्ण माणूस धरतो,
एक्स्ट्रा गादी, एक्स्ट्रा पैसे.
निनाद सतराचा, ऋजुता चौदाची.
एका खोलीत आता
त्यांचे अबोले मावत नाहीत.

कोन्सेसांवबाईंनी गाऊनला हात पुसले,
वरची खोली उघडली.
नळ गळतो. वायफाय फक्त जिन्यात.
नऊशे. नाश्ता नाही, पोदेर येतो सहाला.
"खाली एक ल्हान आसा,
शिवणाचं मशीन हलवते.
तिचे पैसे नकोत.
पूत माझा तारवार, त्याची ती."

रात्री पाण्यासाठी उठलो.
जिन्याच्या एकाच पायरीवर दोघं,
एकच चार्जर,
कशावरून तरी खिदळत.

मी दिवा लावला नाही.
तसाच, तहानलेला,
परत फिरलो.