बिजागरीविषयी खुलासा

मुंबईहून कागद आलाय.
माझ्या छातीवरच्या बिल्ल्यानं
गेल्या तिमाहीत जे गिळलं
ते नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं.
आठ दिवसांत कारण कळवा.

डॉ. म्हमाणे कागद उलटसुलट करतात.
"लिहून टाक, बिल्ला मशीनच्या खोलीत
खुंटीवर राहून गेला.
एका ओळीत मिटतंय."
आणि चष्मा पुसत
साखर पेठेच्या गोंगाटात उतरतात.

बिल्ला खुंटीवर नव्हता.
छातीशी होता, नियम सांगतो तिथं,
सकाळी साडेनऊपासून
बाकावरचा शेवटचा खोकला संपेपर्यंत.

भिंती नऊ इंची आहेत, पक्क्या विटेच्या.
परवान्याच्या वेळी टेप लावून मोजल्या होत्या.
लाल दिवा लागतो.
पाटी तीन भाषांत आहे:
पोटुशी असाल तर आधी सांगा.
परवा एक नवी सून, सासूच्या मागं उभी,
मी विचारल्यावर नुसती मान हलवली तिनं.
नियमानं माझ्याकडून वदवलेला तो प्रश्न
तिला घरात अजून कुणी विचारला नव्हता.

सगळं आहे. फक्त दार.
फळीत शिशाचा पत्रा,
गाभण म्हशीसारखं जड,
दिवाळीपासून एका अंगाला कललेलं.
चौकटीशी चार बोटं फट.
मी बटण दाबते तिथून ती
बरोब्बर माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत येते.
इरण्णानं तिथं चादर टांगली,
लाल-काळी, मोराची, पहिल्या प्रतीची.
या गावाचा कापडावर फार भरवसा.
चादरीनं थंडी अडते,
शेजाऱ्याची नजर अडते.
मीही तीन महिने
मोराच्या आडोशाला उभी राहिले,
आणि रोज म्हटलं, उद्या सांगू.

रात्री अम्माला सांगितलं.
सूप मांडीवर, पान कापायची कात्री हातात.
"म्हणजे तुझ्या अंगावर काय पडतं
ते कुणीतरी मोजतं?"
हो.
"तिकडं मुंबईत बसून?"
हो. पाच वर्षांची सरासरी वीस,
कुठल्याही एका वर्षात तीसच्या वर नाही.
आणि त्याच्याही आधी एक वाक्य आहे:
वाजवीपणे साधेल तितकं कमी.
"आमटीत तेल घालतो तसं," अम्मा म्हणाली.
मग बराच वेळ नुसती कात्री.

कारखान्यात तिच्या विड्या मोजल्या,
हजारात छाट किती निघाली ते मोजलं,
पानं कमी भरली तर तीही मोजली,
एकेचाळीस वर्षं.
तंबाखूची भुकटी तिच्या आत किती उतरली,
हे विचारणारा कागद
कुठल्याच गावाहून आला नाही.
तिच्या छातीचा फोटो मीच काढला.
"श्वास घ्या, धरून ठेवा,"
मी आईला अहो-जाहो केलं त्या दिवशी,
सवयीनं.
तिनं धरून ठेवला.
सोडा म्हणायला मला उशीर झाला.

तेव्हा हा खुलासा.
महोदय,
बिल्ला खोलीत विसरला नव्हता.
दाराची वरची बिजागरी निखळली आहे,
दिवाळीपासून.
मला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं.
मधे चादर होती.
आजपासून मशीन बंद ठेवली आहे.
सही, भाग्यम्मा कोंगारी.
जागा उरली म्हणून खाली पुन्हा लिहिलं:
चादर होती.

विजापूर वेशीतला सुतार चारला येतो म्हणालाय,
म्हणजे सहा.
बाकावर नऊजण.
टॉवेल कारखान्यातले एक काका चिडलेत:
दार मोडलंय तर फोटो का निघत नाही?
त्यांना काय सांगू, कुठून सुरू करू.

इरण्णा मोर काढून हातात घेऊन उभा.
"मग ह्याचं काय करू, मॅडम?"
झटक, म्हटलं, आणि बाकावर अंथर.
आज लोकांना
थोडं थांबावं लागणार आहे.